खडकाळीच्या बाभळी आणि हौसाक्काची शेरडं

हौसाक्का, भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी रीत नव्हती. दिवस कलला, शेरडं घराकडे वळली, तरी तू जाता जाता मागं वळून एक टोमणा हाणायचीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेमक्या त्याच शब्दापासून पुन्हा सुरू व्हायचीस. या खेपेला मात्र माझं उत्तर ऐकायलासुद्धा थांबली नाहीस. बारा दिवस झाले. रोज सकाळी मी खडकाळीच्या झाप्यापाशी, त्या काट्यांच्या फाटकापाशी उभा राहतो, मनात वाक्य जुळवतो, आणि समोर रिकामी पाऊलवाट असते. राग येतो तुझा. खरंच येतो.

आपल्याला न ओळखणाऱ्याला वाटेल, एवढं काय होतं भांडायला? मी सांगोल्याच्या बाजूला नेमलेला वनरक्षक, तुमच्या भाषेत 'गारड'. तू अकरा शेरडांची मालकीण. खडकाळीच्या माळावर सरकारनं रान वाढवायचं ठरवलं आणि त्या माळावर एकही शेळी चढू द्यायची नाही, हे माझं काम ठरलं. तुझं म्हणणं असं, की या रानात शेळीला यायचा हक्क माझ्याआधीचा आहे. पाच वर्षं आपण या एकाच गोष्टीवर भांडलो. पाच वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही, हे आज लिहून टाकतो. तू असतीस तर लिहिलं नसतं.

मी सोलापूरचा. नवी पेठेत कापडाच्या दुकानामागच्या खोलीत वाढलेलो. झाड म्हणजे आमच्याकडं दुकानाच्या दारातली कुंडीतली तुळस. बहात्तरचा दुष्काळ सरत आला तेव्हा मला या माळावर धाडलं. दुष्काळी कामावर गावानं इथं चर खणले होते, माळाच्या अंगावर आडवे, एकाखाली एक, पावसाचं पाणी अडून मुरावं म्हणून. त्यातले कितीतरी तू खणलेले, हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की चरांच्या बांधावर अकरा शेरडं उभी आहेत आणि त्यांच्यामागं एक काळीसावळी म्हातारी खांद्यावर आकडी टाकून माझ्याकडं बघते आहे. ती फांदी ओढायची लांब आकडी मला तेव्हा हत्यारच वाटली.

"ए बाई, शेळ्या खाली घे," मी ओरडलो.

"का? माळ तुज्या बापानं आंदण दिलाय व्हय?"

पहिलं वाक्य हे. त्याच दुपारी मी तुझी शेरडं गावच्या कोंडवाड्यात घातली. नियमाप्रमाणं केलं आणि मोठ्या ऐटीत केलं. तू रडशील, पाया पडशील असं वाटलं होतं. तू कोंडवाड्याच्या दाराशी घोंगडं अंथरलंस, बसलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलीस, "माज्या शेरडास्नी अटक झालीया. वकील बगायला पायजे." संध्याकाळपर्यंत निम्मं गाव हसायला जमलं. करडं आयांसाठी ओरडत होती, मी कान झाकून बसलो होतो. शेवटी कोंडवाड्याचं दार मीच उघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि दुसऱ्या दिवसापासून तू तुझ्या थोरल्या तांबड्या बोकडाचं नाव 'गारड' ठेवलंस. "ए गारड, मर की तिकडं! लई माजलायस!" अशी हाक माळावरून आली की मी दचकून वळायचो. तुझी सून शालन पदरात तोंड घालून हसायची. हे मी तुला कधीच माफ केलं नाही, आणि आज ती हाक ऐकायला काय वाटेल ते देईन.

पहिल्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसानं पोत्यानं बाभळीचं बी पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकणारं ऑफिस ते. 'बांधावर टोकावे' एवढाच हुकूम. मी माणसं लावून प्रत्येक चराच्या बांधावर बी टोकलं. पाऊस झाला, तण उगवलं, बी काही उगवलं नाही. उकरून पाहिलं तर जसंच्या तसं, चकचकीत, खड्यासारखं टणक. मग रोपं आली. ती लावली, ओढ्याचं पाणी घागरींनी नेऊन घातलं. दिवाळीनंतर वारं सुटलं आणि एकेक रोप काडी होऊन गेलं. उन्हाळ्यात साहेब आले, माळभर फिरले आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात इथं काही दिसलं नाही, तर ही जागा आपण सोडतोय. खडीसाठी मागणी आहे." माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. माळ गेला असता तर मीही गेलो असतो. पण खरं सांगतो, मला नोकरीपेक्षा जास्त लागलं ते तुझ्यासमोर हरणं.

जीप गेली तसं तू शेरडं वाटेवर थांबवून वर आलीस. बांधावरचं एक बी उचललंस, दातानं चावलंस, थुंकलंस.

"हे पोत्यातनं थेट मातीत टाकलं व्हय रं?"

"मग काय करायचं होतं?"

"आरं, शेळीच्या तोंडातनं गेल्याबिगर बाबळ उगवती कुटं? उद्या पाटंच ये माज्या शेरडांच्या वाड्यावर."

मला वाटलं, थट्टा चाललीय. आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलं होतं, शेळी ही रानाची वैरीण. तरी दुसऱ्या दिवशी उजाडता आलो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर शेळीचेच धरायला निघालो होतो. काट्यांच्या कुंपणातली तुझी शेरडं नुकतीच उठली होती. ती रात्रभर जिथं बसली होती, तिथं जमिनीवर ठिकठिकाणी बाभळीच्या बियांचे ढीग पडले होते. ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा दिवसभर खायच्या, रात्री निवांत रवंथ करायचा आणि कठीण बी तेवढं तोंडातून टाकून द्यायचं. इतकं साधं. त्या बियांवरची चकाकी गेली होती, साल मऊ पडली होती. तू केरसुणीनं ते झाडून पाटीत भरलंस आणि पाटी माझ्या पायाशी आदळलीस.

"जल्मभर हे झाडून उकिरड्यावर टाकत आले मी. ने."

मी म्हणालो, "हे सरकारी कामात चालणार नाही."

"मग सरकारास्नी म्हणावं, तुमी चगळा."

तुझं हसणं आठवतं मला. पुढचे दोन दात नव्हते तुझे, आणि त्या फटीतून हसू शिट्टीसारखं यायचं.

पण त्या दिवशी तू नुसती हसली नाहीस. पाटी उचलून मी निघालो, आणि तुला टोचायचं म्हणून बोलून गेलो, "शेळ्यांनीच हे रान खाल्लं आणि आता शेळ्याच लावणार होय?" तू आकडी उचललीस. मग म्हणालीस, "रान शेरडानं न्हाय खाल्लं. आमी खाल्लं." आणि मला माळाच्या डोक्यावर घेऊन गेलीस. तिथं एक खुंट होता, वाळलेला, कुऱ्हाडीच्या घावांचा. तू त्याच्याकडं न बघता सांगितलंस. लहानपणी तू बघितलेल्या बाभळी, त्यांच्यावर लटकलेले सुगरणींचे खोपे, खोडातून ओघळणारा डिंक. दुष्काळात माळावरच्या एकेक करून सगळ्या गेल्या, ओढ्याकाठच्या तेवढ्या ज्याच्या त्यानं राखल्या. शेवटची ही उरली. तुझ्या शेरडांना तीन दिवस पाला मिळाला नव्हता. आधी तू आकडीनं फांद्या ओढल्यास. फांद्या संपल्यावर कुऱ्हाड घातलीस.

"खडकाळीची शेवटची बाबळ मी तोडली, गारड. दुसऱ्या कुणी न्हाय. आठ दिवस जगली शेरडं तिच्यावर."

तेवढंच. पुन्हा त्या विषयावर तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी खडकाळी माझ्या एकट्याची राहिली नाही. हे रान उभं राहायला हवं होतं ते माझ्या नोकरीसाठी नव्हे, तुझ्यासाठी. हे मी तुला सांगायला हवं होतं.

खुंटापाशीच तू कनवटीची पुरचुंडी सोडलीस आणि चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवलास. "उचल भंडारा. रान जगलं, झाडं शेरडाच्या तोंडाच्या वर ग्येली, की सगळ्यात आदी माजी शेरडं ह्या सावलीत बसतील. म्हण." मी नवी पेठेतला माणूस, मला भंडाऱ्याची शपथ म्हणजे काय ते नीट माहीतही नव्हतं. हळदीचा पिवळा हात वर करून मी म्हणालो. गावात परतलो तेव्हा शालननं माझा हात बघितला आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "भंडारा उचललासा? आता सुटका न्हाय," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं मी काय करून बसलोय.

मग महिनाभर तू रोज पाटी आणलीस. तुझ्या वाड्यातलं बी संपलं तर भावकीतल्या बायकांचे वाडे झाडलेस. पावसाच्या तोंडावर तू, मी आणि शालननं ते बी बांधाबांधावर टोकलं. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या आणि दोन दिवस माळ भिजला. आठव्या दिवशी मी वर गेलो आणि पहिल्या चराच्या बांधावर मटकन खाली बसलो. हिरव्या बोटभर रेघा, एकाखाली एक, चर जिथवर गेले होते तिथवर. माळाला कुणी हिरव्या दोऱ्यानं टाके घातले होते जणू. मी तुला हाका मारत खाली धावलो. ठेचकाळलो, गुडघा फुटला, तरी धावलो. तू वर आलीस, कमरेवर हात ठेवून सगळीकडं नजर फिरवलीस आणि काय म्हणालीस? "तिसऱ्या बांदावर इरळ हाय. नीट टोकलं न्हाईस तू." पण पदर डोळ्यांना लावलास. मी पाहिलं.

आता साहेबांना काय कळवायचं? 'शेळीनं थुंकलेलं बी' असं सरकारी अहवालात कसं लिहायचं? मी लिहिलं, 'प्रक्रिया केलेले बियाणे वापरले.' साहेब खूष. इतके खूष, की प्रक्रिया बघायला स्वतः आले, बरोबर दोन पाहुणे घेऊन. "कुठं करता प्रक्रिया? यंत्र आहे का?"  तू शेजारीच उभी होतीस. शांतपणे वाकलीस, तांबड्या बोकडाचं शिंग धरलंस आणि त्याला साहेबांच्या पुढ्यात आणून उभं केलंस.

"ही बगा मशीन. चार पाय, दोन शिंगं. डिझेल लागत न्हाय. ह्येचं नाव गारड."

पाहुणे माझ्याकडं बघायला लागले, साहेब बोकडाकडं. मग साहेब असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी तुला सगळं विचारलं आणि डायरीत उतरवून घेतलं. त्या वर्षी दोन गावांच्या माळांवर शेरडांच्या वाड्यातलं बी गेलं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग? माज्या शेरडाची सोयरीक लांबवर हाय."

त्यानंतरची वर्षं तर मी राखणदार नावापुरता. खरी राखण तुझी. दुसऱ्या कुणाची शेळी बांधावर चढली की तू आकडी घेऊन अशी धावायचीस, की मी मध्ये पडून त्या बिचाऱ्याला सोडवायचो. तुझी स्वतःची शेरडं मात्र झाप्याबाहेर उभी राहून आत बघायची आणि तू मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगायचीस, "थांबा बायानू, मालक परवानगी देतील."

रान भरत गेलं. होले आले, तित्तर आले. बांधावर काळविटाचे खूर उमटले. चौथ्या वर्षी खालच्या ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींचे सात खोपे लटकले आणि तू ते मोजायला रोज सकाळी यायचीस. त्याच वर्षी लांडगीण आली, वरच्या कपारीत तिनं पिल्लं घातली आणि तुझी बांडी शेळी नेली. तू मला धरून बडवशील असं वाटलं. विष घालायचं का, असं गावातल्या चौघांनी विचारलं. तू म्हणालीस, "रान झालं म्हंजी रानाचं धनी येणारच की. त्येचा बी वाटा असतो." आणि संध्याकाळी बांडीचं रिकामं दावं गुंडाळून ठेवलंस. बांडी तुझी लाडकी होती. त्या दिवशी मला वाटलं, रानाचं प्रशिक्षण मला द्यायचं होतं तर तुझ्याकडं पाठवायला हवं होतं.

यंदा बाभळींनी पहिल्यांदा शेंगा धरल्या. आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, झाडं तोंडाच्या वर गेली. मी म्हणायचो, अजून एक पाऊस जाऊ दे. तू म्हणायचीस, गारडाला दोन पायांवर उभा करून माप घे. मी म्हणायचो, कुठल्या गारडाला? एवढा विनोद मलाही जमायला लागला होता. पण झापा मी उघडला नाही. कारण मलाच नीट माहीत नव्हतं तेव्हा, आज कळतंय. बंद झाप्याच्या आत ते रान माझं होतं. उघडला, की ते तुझं झालं असतं.

तू पडलीस ते वैशाखात. तापानं, चारच दिवस. जायच्या दोन दिवस आधी मी आलो होतो, तू छपराखाली घोंगडीवर होतीस. हौसाक्का, त्या दिवशी माझ्या पिशवीत साहेबांचा कागद होता. 'झाडे शेरडांच्या तोंडाबाहेर गेल्याची वनरक्षकाने खात्री करून शेंगांच्या हंगामात माळ खुला करावा.' मी स्वतः मागितलेला कागद, आठवड्यापूर्वी आलेला. तुला सांगणारच होतो. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तू डोळे न उघडता म्हणालीस, "हरलास न्हवं, गारड?" आणि माझी मान ताठ झाली. मरणाच्या दारातल्या बाईशी मी हट्ट धरला. "पावसानंतर बघू," म्हणालो. तू म्हणालीस, "बग. मी हितंच हाय." आयुष्यात तू माझ्याशी बोललेली एकमेव खोटी गोष्ट ती.

हे लिहून मी रडलो. लिहायचं नव्हतं, पण तुझ्याशी खोटं किती दिवस बोलू?

आता आजचं ऐक. आज तुझा बारावा. माणसं जेवून उठली आणि मी शालनला म्हणालो, "शेरडं सोड." तिनं खांद्यावर तुझी आकडी घेतली. गावातली माणसं मागं मागं आली, म्हातारी, पोरंसोरं, कोंडवाड्यापाशी हसायला जमली होती तीच. मी झापा उघडला. पाच वर्षं उन्हात वाळलेले काटे कटाकट मोडले, हात रक्ताळले. तुझी शेरडं आत शिरली, आणि इतकी वर्षं बाहेरून बघायची सवय झाल्यामुळं आधी थबकली. तांबडा गारड पुढं झाला. पहिल्या बांधावर चढला, दोन पायांवर उभा राहिला, मान ताणली. फांदी हातभर वर. पलीकडच्या झाडाला गेला, पुन्हा उभा. तिथंही हातभर वर. गाव टाळ्या वाजवायला लागलं. "म्हातारी जिकली! म्हातारी जिकली!" शालन ओरडली आणि मीही ओरडलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, हौसाक्का. पाच वर्षं गिळलेला आवाज होता तो.

मग दुपारचं वारं सुटलं आणि शेंगा आपोआप खाली पडायला लागल्या. तुझ्या शेरडांनी त्या पोटभर खाल्ल्या. एकाही रोपाला तोंड लावायची गरज पडली नाही. पोटं भरली तशी ती तुझ्या त्या खुंटाभोवती, तुझ्याच बियांच्या सावलीत बसली आणि डोळे मिटून रवंथ करू लागली. खुंटाशेजारी एक नवी बाभळ आहे. कुणी टोकलेली नाही ती. मी नाही, शालन नाही. तू टोकली असशील तर मला सांगितलं नाहीस.

संध्याकाळी शेरडं उठली तेव्हा तिथं बियांचे ढीग पडले होते. मी केरसुणी आणली होती. झाडून पाटीत भरलं आणि त्यातलं मूठभर तळहातावर घेतलं. इथंच भंडारा होता तुझा. शब्द पाळला, हौसाक्का. उशिरा पाळला, तू नसताना पाळला, पण पाळला. समोरचा माळ अजून उघडाबोडका आहे. पाटी तिकडंच निघालीय.

सगळी शेरडं घरी गेली. एक तेवढा मागं राहिला. शालननं हाका मारल्या, आकडी आपटली, ढिम्म. अंधार पडत आला तरी तुझा तो गारड पहिल्या बांधावर दोन पायांवर उभा राहून मान ताणतोय. हरलो हे त्याला अजून पटलेलं नाही.